तिसरी पिन

उज्वला तो नवस बोलली होती ती देवीसमोर नव्हे, तर बागेतल्या औषधांच्या खोलीत. फवारणीच्या डब्यांमध्ये उकिडवा बसलेला शेखर, त्याच्या मांडीवर सासऱ्यांचं पिस्तूल आणि दाराबाहेर द्राक्षाच्या मांडवावर कलतं ऊन, असं सगळं एका नजरेत दिसलं, तेव्हा तिनं ना आरडाओरडा केला ना त्याचा हात धरला. नुसते डोळे मिटून ती वणीच्या आईला म्हणाली, "या माणसाच्या हातात हे पुन्हा येऊ देऊ नकोस. दर नवरात्रात अनवाणी गड चढेन, आणि हे लोखंड जन्मभर तुझ्याच पायाशी सांभाळीन." डोळे उघडले तेव्हा पिस्तूल तिच्या ओंजळीत होतं. त्यानं दिलं की तिनं घेतलं, हे पुढं दोघांनाही आठवेना.

त्याआधी काही दिवस शेखर चालवत असलेला ट्रॅक्टर बांधावरून उलटला होता आणि मडगार्डवर बसलेला धाकटा भाऊ अमोल त्याखाली सापडून गेला होता. उज्वला या घरात आली तेव्हा अमोल शाळेत जाणारं पोर होता आणि सासू आधीच देवाघरी गेलेली. त्याच्या डब्यापासून परीक्षेच्या उपासापर्यंत सगळं तिनंच केलं. तरी शेखरला तिनं एका शब्दानं कधी दोष दिला नाही. दिंडोरीतल्या बायका आपल्या सुनांना तिचं उदाहरण द्यायच्या.

सासरे सावळीरामनाना जुन्या वळणाचे, पण डोक्यानं तेज. त्यांनी पिस्तुलातली फायरिंग पिन, काडतुसाच्या बुडावर आपटणारी ती दाभणाच्या टोकाएवढी कांडी, काढून विहिरीत टाकली आणि बाकीचं सुनेच्या हवाली केलं. "आता हे नुसतं लोखंड, सूनबाई. परवाना आहे म्हणून घरात ठेवायचं. देवघराच्या कपाटात राहू दे. किल्ली तुझ्याजवळ." किल्ली तिनं मंगळसूत्राला अडकवली. दर दसऱ्याला ती पिस्तूल बाहेर काढी, देवांच्या टाकांसारखंच चिंचेनं घासून लख्ख करी, हळदकुंकू वाही आणि काडतुसांच्या डबीशेजारी पुन्हा ठेवून देई. शेखर हळूहळू माणसांत आला, हसू लागला. नवसाला आई पावली, असं ती मनोमन म्हणे आणि ते खरंही होतं.

नाना गेले तसा परवाना शेखरच्या नावावर करायची वेळ आली. हत्यार तपासून घ्या, नंबर, वरचं फिनिश आणि बदललेले भाग लिहून आणा, असं कचेरीतून सांगितलं होतं. म्हणून दोघं गाडीनं नाशकात आली. भांडीबाजाराच्या मागच्या बोळात कुंदन नावाच्या माणसाचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. उज्वलानं पिस्तूल लाल खणातून सोडवून काउंटरवर ठेवलं. कुंदननं ते उचलून उजेडात धरलं आणि कपाळाला आठी घातली.

"याला काय लावता हो, ताई?"

"चिंच. वरून थोडी रांगोळी. देवांना लावते तीच."

"पिस्तुलाला?"

शेखर खो खो हसला. "सांगून थकलो राव. एकदा तर पंचामृतानं अंघोळ घालायला निघालेली. लय पुण्यवान पिस्तूल आहे हे, आमच्याआधी स्वर्गात जाईल."

"मी म्हटलं चांदीचा मुलामा आहे," उज्वला ओशाळून म्हणाली.

"चांदी नाही आणि निकेलही नाही. निकेल असतं तर कडेला पापुद्रे सुटले असते. याला मुळात ब्लू होता, पोलादाला देतात तो काळपट निळा रंग. चिंचेनं तो खाल्ला. हे बघा, मुठीच्या पट्टीखाली अजून शिल्लक आहे." त्यानं स्क्रू काढून पट्टी बाजूला केली. आत खरोखरच मावळतीच्या आभाळासारखा निळा तुकडा होता. उज्वलाला उगीचच कोणाचं तरी अंग उघडं पडल्यासारखं वाटलं आणि तिनं नजर वळवली.

बाहेर टेम्पोवाला हॉर्न बडवू लागला. "गाडी काढतो, नाहीतर उचलून नेतील," म्हणत शेखर गेला.

कुंदन एकेक भाग सोडवत फडक्यावर मांडू लागला. नळी मूळची, नंबर जुळणारा. मूठ मूळची. स्प्रिंग बदललेली. पिन बदललेली.

"पिन त्यात नाहीये," उज्वला म्हणाली. "आमच्या नानांनी काढली होती."

त्यानं चिमट्यात धरून ती तिच्यापुढं केली. बारीक, काळीभोर, तेलानं चमकणारी.

"आणि हे बघा. अक्षरांत कुंकू, खाचांत हळद, सगळीकडं आहे. पण चापाच्या या वळणात कणभरही नाही. इथं रोज बोट फिरतंय. रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढत राहिलं की जुन्या पिना टिकत नाहीत, मोडतात. हिचंही टोक बसत चाललंय. ही तिसरी."

"तिसरी? तुम्हाला कसं माहीत?"

कुंदननं दाराकडं पाहिलं आणि आवाज उतरवला.

"ताई, भाऊ बरोबर होते म्हणून मी ओळख दाखवली नाही, नवख्यासारखं विचारत राहिलो."

दुकानातला पंखा फिरत होता, पण उज्वलाच्या कानात त्याचा आवाज येईनासा झाला. गड चढताना पायाखालची पायरीच नसावी आणि पाऊल मात्र टाकून झालेलं असावं, तसं तिचं झालं.

"मी? मी इथं पहिल्यांदाच येतेय."

"नानांचा परवाना घेऊन यायचात. ते अंथरुणावर आहेत म्हणायचात. याच खुर्चीत बसायचात. मी चहा मागवला तर नको, उपास आहे, म्हणायचात." तो अवघडून हसला. "पिन बसवून झाली की दर वेळी एकच विचारायचात."

"काय?"

"आता नक्की उडेल ना?"

तिनं मंगळसूत्राची किल्ली मुठीत घट्ट धरली. किल्ली जिथल्या तिथं होती. "ती परत बसवू नका. आणि हे इथंच ठेवून घ्या, दादा, तुमच्या पाया पडते."

"हत्यार जमा करून घ्यायचा परवाना नाही माझ्याकडं. पिन वेगळी देतो." त्यानं पिस्तूल पिनेशिवाय जोडलं, पिन पेपरच्या तुकड्यात बांधली आणि पुडी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं बोटं मिटली ती गोदावरी येईपर्यंत उघडल्याचं तिला आठवत नव्हतं.

पुलावर तिनं गाडी थांबवायला लावली. "गंगेला हात जोडते," म्हणाली, आणि कठड्याशी जाऊन पुडी खाली सोडली. लोखंड होतं, तळाला जायला हवं होतं. पुडी पाण्यावर आपटली नाही, नुसती टेकली. मग आत काहीच नसल्यासारखी, वाळक्या पानासारखी हलकेच गिरकी घेत ती रामकुंडाच्या दिशेनं तरंगत निघाली, आणि दिसेनाशी होईपर्यंत उज्वला तिच्याकडं पाहत उभी राहिली.

घरी आल्यावर शेखरनं पिस्तुलाचा खण तिच्या हाती दिला. तिनं तो न सोडताच कपाटात ठेवला, कुलूप ओढून पाहिलं आणि देवापुढं बसून आईचं नाव घेऊ लागली. सगळं निभेल, आई निभावून नेईल, असं मन जरा कुठं म्हणू लागलं होतं. मागं ओसरीत शेखर आडवा झाला होता.

"कर कर, जप कर," तो झोपाळलेल्या आवाजात म्हणाला. "मला खरं सांगू का? अमोल गेल्यापासून दुपारची झोपच नव्हती. तुझा तो जपाचा आवाज सुरू झाला ना, टक्... टक्... टक्... की डोळा लागतो माझा."

उज्वलाच्या हातातली माळ थांबली. तुळशीचे मणी. कापडी गोमुखीत फिरणारे. त्यांचा कधी श्वासाएवढाही आवाज झाला नव्हता.

पळा, असं तिला ओरडायचं होतं. किल्ली घ्या, कुठंतरी लांब फेका, माझ्याजवळ थांबू नका. शब्द घशापर्यंत आले. तोंड उघडलं. आणि मग तिला आपलाच आवाज ऐकू आला, नेहमीचा, मऊ, मायेचा.

"अहो, तुम्हीपण बसा ना आज जपाला. या इथं, माझ्यापुढं. देवाकडं तोंड करा, आणि मी मिटते तसे डोळे मिटून घ्या."