नदीपर्यंत वाचायचं

भोंगा तुटक वाजला की क्लोरीन सुटला, लांबलचक वाजला की व्हॉल्व्ह बंद झाला, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. त्या दुपारी भोंगा तुटक वाजू लागला आणि वाजतच राहिला.

सुनेचा नवरा तिथेच, जलशुद्धीकरण केंद्रात, पाळीवर होता. ती स्वतः प्रयोगशाळेत पाणी तपासायची, त्यामुळे तिला नको तेवढं कळत होतं. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. म्हणून तिने सासूला वरच्या खोलीत आणलं, खिडकीच्या आणि दाराच्या फटींना चिकटपट्टी लावली, उंबऱ्याशी ओले टॉवेल कोंबले. खाली कुंपणाची पानं बुडापासून पांढरी पडत चालली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फोन लागत नव्हता.

सासूने चष्मा पुसून पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, शेवटचं पुस्तक उघडलं. रोज एक अध्याय, हा तिचा नेम. आजचा नेमका आकाशातून तारा पडून नद्या कडू होण्याचा.

“आई, आज तरी हे नको. एखादं स्तोत्र वाचा ना.”

“मग हे कधी वाचायचं? लग्नात?”

“तुम्हाला विनोद सुचतोय! तुमचा मुलगा आहे तिथे!”

“माझा आहे म्हणूनच वाचतेय.” तिने ओळीवर बोट ठेवलं.

सून उठली आणि दारावरची पट्टी सोलू लागली. “मी जाते. तोंडाला ओलं फडकं बांधून.”

“फाटकापर्यंत तरी पोचशील का? तूच सांग, शिकलेली आहेस.”

उत्तर तिला माहीत होतं. अर्धी सोललेली पट्टी धरून ती तशीच उभी राहिली.

“पोरी, या घरात आल्यापासून तू नद्या कडू झाल्या की उठतेस. कधी चहा टाकायचा असतो, कधी डबा भरायचा. अगं, ज्यांची माणसं विश्वासापायी राजाने धरून नेली होती, त्यांच्यासाठी लिहिलंय हे. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, शेवटापर्यंत. मधेच सोडलं तर नुसती भीतीच पदरात पडते. आज माझा एका अध्यायाचा नेम मोडू. वाच तू, मला अक्षर दिसेना.”

सुनेने पुस्तक घेतलं. तपासणीचा अहवाल वाचावा तशी ती कोरडेपणाने वाचत गेली. टोळ आले, श्वापद आलं, नगर जळालं. मधूनमधून ती खाली बघे. पांढरेपणा फाटकाच्या कडीपर्यंत चढला होता.

शेवटच्या पानावर नदी लागली. स्फटिकासारखी नितळ, सिंहासनापाशी उगम पावलेली. काठावर झाड, आणि त्याची पानं राष्ट्रांना बरं करणारी. ते वाक्य तिने दोनदा वाचलं. मग आधीचं पान उलटून, देव स्वतः डोळ्यांतलं पाणी पुसणार आहे, ते पुन्हा शोधून वाचलं. आता तिचा आवाज कोरडा नव्हता.

“भोंगा?” सासूने विचारलं.

“अजून तुटकच.”

सुनेने सोललेली पट्टी अंगठ्याने दाबून परत बसवली. बादलीत टॉवेल बुडवून पिळले, दोन दाराखाली कोंबले. तिसऱ्याची घडी घालून हाताशी ठेवली.

“हा कशाला?”

“तो आला की त्याचे डोळे पुसावे लागतील.”

सासूने चष्मा काढून पुस्तकावर ठेवला. बाहेर भोंगा वाजतच होता.