सात नंबरची ओळ

गावच्या यात्रेच्या स्मरणिकेत फौजेतल्या पोरांची यादी लावायचं काम निवृत्त हवालदार आकारामआबांकडं असायचं. एक नाव इकडचं तिकडं झालं की खालचे सगळे नंबर हातानं बदलावे लागत, आणि आबा कॉम्प्युटरला शिव्या हासडत. म्हणून फौजेतच असलेल्या त्यांच्या मुलानं, ऋषिराजनं, मागच्या सुट्टीत लॅटेक या मजकूर मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन मॅक्रो, म्हणजे एका शब्दात चालणाऱ्या आज्ञा, लिहून दिले. नावाआधी ‘जवान’ लिहिलं की नाव आपोआप नंबर घेऊन यादीत जायचं. ‘वीर’ लिहिलं की कामी आलेल्याचं वेगळं पान तयार व्हायचं, वर ज्योत आणि भोवती काळी चौकट.

“आबा, तुमी निस्ता एक शब्द बदला. बाकी समदं आपोआप हुतंय.”

यंदा आबांनी तो शब्द ऋषिराजच्याच नावाआधी बदलला.

ज्योतीचं पान नीट उतरलं. ते बघताना आबा घट्ट राहिले. मग त्यांनी यादी उघडली. ऋषिराजच्या सात नंबरावर शेजारचा साईराज आला होता. खालची सगळी पोरं एकेक घर वर सरकली होती. मधे बोटभरही जागा उरली नव्हती.

“एवढं आपोआप कर म्हणून कुणी सांगितलं हुतं रं तुला!” आबा पडद्यावर खेकसले, आणि त्यांना रडू कोसळलं.

डोळे पुसून त्यांनी साईराजला परत आठवर नेलं आणि सातपुढची ओळ हातानं मोकळी ठेवली.

दुसऱ्या दिवशी कराडच्या छापखान्यातून फोन आला. “आबा, सातपुढं नावच न्हाई. चुकलंय का?”

“न्हाई,” आबा म्हणाले. “तितं कुणाला बसवू नगा.”