चार बोटे जास्त

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, ही तर साधी लाकडाची फळी! खरेच आहे. मी एक जुनी फळी आहे, दोन बिजागऱ्यांनी भिंतीला जोडलेली. खाली पाडली की जेवणाचे टेबल, वर उचलून कडी घातली की पुन्हा भिंत. माझे वय विचाराल, तर माझ्यावर पहिले ताट वाढणारी नवी नवरी आता काठी घेऊन चालते.

त्याआधी मी शाळेतला बाक होते. कोणीतरी कर्कटकाने कोरलेले मांजर अजून माझ्या पोटावर आहे. बाक मोडीत निघाले तेव्हा सुतारकाकांनी मला रंधा मारला आणि एका मोठ्या शहरातल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत बसवले. खोली एवढीशी, की दोघे एकदम वळले तर कोपराला कोपर लागे. आई दवाखान्यात परिचारिका होती, बाबा छापखान्यात छपाईआधीची मुद्रिते तपासत. मीही त्यांना आईबाबाच म्हणते. त्यांच्या लेकीचे ऐकून लागलेली सवय. शहराला भारी घाई. बाबा उभ्यानेच जेवत, घास तोंडात आणि पाय दाराबाहेर.

सुतारकाकांनी माप घेतले ते दार लावून, कारण बाहेर पोरांचा गलका चालला होता. दार आत उघडते, हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. मला पहिल्यांदा खाली पाडले आणि काका दार उघडायला गेले, तर ते माझ्यावरच येऊन आपटले. मी चार बोटे जास्त झाले होते!

"हात्तिच्या!" सुतारकाका ओशाळले. "वहिनी, आत्ता करवत मारतो. दोन मिनिटांचं काम."

आईला हसू आवरेना. "राहू द्या काका! फळी पाडली की दार बंद. मग बघते, हे कसे पळतात ते."

"अगं, मला उशीर झाला तर?" बाबा म्हणाले.

"तर लवकर बसायचं."

त्या दिवसापासून मी पडले की कोणी जागचे हलत नसे. शेजारच्या मावशी दार वाजवून विचारत, "फळी पडलीय का गं?" आतून आई ओरडे, "पडलीय मावशी! शेवटचा घास राहिलाय!" लेक झाली. ती सदा काहीतरी कुरतडत असे, म्हणून तिचे नाव पडले खारूताई. माझ्यावर ती जेवली, माझ्यावरच अक्षरे गिरवायला शिकली. बाबा छापखान्यातल्या गमती सांगत आणि तिघे पोट धरून हसत. तो अर्धा तास सगळे शहर दाराबाहेर ताटकळत उभे राही. खोटे कशाला बोलू, मला तेव्हा थोडा गर्व झाला होता.

खारूताई आठ वर्षांची असताना घरमालकाने भाडे वाढवले. त्याच आठवड्यात लहान गावातून बाबांच्या दादाचे पत्र आले. त्या संध्याकाळी बाबांनी स्वतः मला खाली पाडले. "आज ठरल्याशिवाय उठायचं नाही," ते म्हणाले. "इथे काय आहे आपलं? दादा तीन खोल्या देतोय. अंगण आहे. हवा चांगली आहे."

"हवा खाऊनच राहायचं असेल तर माझी ना नाही," आई म्हणाली. "माझी नोकरी? हिची शाळा?"

"तिथेही दवाखाना आहे गं. आणि इथे दर वर्षी भाडं वाढतंय, पगार वाढतोय का?"

तेवढ्यात खारूताईने विचारले, "तिथे फळी न्यायची?"

"नेऊ की."

"पण तिथलं दार लांब असेल. मग बाबा उठून जातील."

महिन्याभरात सामान हलले.

तिथली हवा खरेच चांगली होती. मला प्रशस्त स्वयंपाकघरात बसवले. दार पंधरा पावलांवर. ज्याचे जेवण होई तो उठे. बाबा ताट घेऊन अंगणात, खारूताई पुस्तक घेऊन आतल्या खोलीत. आई बऱ्याचदा माझ्यापाशी एकटीच असे. पुढे नवे मोठे टेबल आले. माझ्यावर बरण्या चढल्या, रद्दी चढली, एक बिजागरी गंजली. मी वर उचलली गेले त्याला किती वर्षे झाली, ते मोजणेही मी सोडले.

खारूताई मोठी होऊन त्याच शहरात नोकरीला गेली, तिथेच तिचे लग्न झाले. एकदा ती आली ती डोळ्यांखाली काळी वर्तुळे घेऊन. "आई, आम्ही इकडेच येऊ का गं? पगार भाड्यात जातो. हा जेवतो तेव्हा मी गाडीत, मी जेवते तेव्हा हा झोपलेला. त्या शहरात राहण्यात काही अर्थ आहे का?"

आई म्हणाली, "अर्थबिर्थ मला नको विचारूस. मला तिथली गर्दी आठवत नाही, भाडं आठवत नाही. तुझ्या बाबांचं तोंड आठवतं, समोर बसलेलं."

बाबा उठून आत गेले. परतले तेव्हा त्यांच्या हातात पेचकस होता. माझ्यावरच्या बरण्या त्यांनी एकेक करून उतरवल्या.

"तुझ्या खोलीत दाराला अडेल ही," ते म्हणाले.

"अडू दे," खारूताई म्हणाली.

आता मी पुन्हा त्याच शहरात आहे, पण तिसऱ्या नव्हे, नवव्या मजल्यावर, खारूताईच्या खोलीत. पहिल्याच दिवशी जावईबापू घास तोंडात घेऊन दाराकडे धावले. दार माझ्यावर आपटले. "हे काय?" त्यांनी विचारले. "बस," खारूताई म्हणाली. ते बसले.

दर वर्षी भाडे वाढते. दर वर्षी मला खाली पाडून दोघे समोरासमोर बसतात आणि तोच प्रश्न काढतात: राहायचे की जायचे? "एक वर्ष बघू," असे ठरते. यंदा सातवे वर्ष. कधी 'जाऊ' असेही ठरेल, ठरू दे. पण निघताना मला न्यायला विसरणार नाहीत, एवढी खात्री आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे एखादे अडणारे, जुने, गैरसोयीचे काही असेल. त्याच्या बिजागऱ्यांना कधीतरी दोन थेंब तेल घाला. आणि करवत उचलण्याआधी एकदा त्याच्यापाशी बसून जेवा.