पेवात विझलेला कंदील

मित्रांनो, मी एक जुना कंदील आहे आणि आज मी गोड बोलणार नाही. मला कुणी घडवलं ते आठवत नाही. ढाणकीच्या बाजारातून नागोराव पाटलांनी मला घरी आणलं, तिथून पुढचं सगळं आठवतं. मथुराबाई पाटलीण रोज राखेनं माझी काच घासायच्या आणि म्हणायच्या, "कंदील मोठा गुनाचा हाये." तेवढंच काय ते माझं कौतुक.

माझं खरं काम होतं पेवावर. पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खणलेला खोल खड्डा. माणूस उतरण्याआधी मला पेटवून दोरीनं आत सोडत. मी जळत राहिलो तर उतरायचं, विझलो तर नाही. एवढी साधी रीत, पण तीसुद्धा पाटलांना पाळवत नव्हती!

सत्तावन्न साली पेवात पावसाचं पाणी झिरपलं. मी खाली गेलो आणि लगेच विझलो. "वात खराब हाये," म्हणत पाटलांनी आपल्या गड्याला, भीमराजला उतरवलं. वर आलं ते त्याचं प्रेत. आदल्याच वर्षी त्याच्या घरानं बुद्धाचा धम्म स्वीकारला होता, घरातले देव नदीत सोडले होते. गाव म्हणालं, देव कोपले. देवांवर ढकललं की पाटील मोकळे! मी खरं सांगितलं होतं, पण दोष मात्र माझ्या वातीला. हळूहळू भीमराजच्या थोरल्या भावाला, उकंडालाही गावाचं म्हणणं पटू लागलं, याचा मला सर्वांत जास्त संताप आला.

पाच वर्षांनी पुन्हा तेच. पुन्हा ओल शिरली, पुन्हा मी विझलो. उकंडाच्या कमरेला दोर बांधलेला होता.

"तेल सरलं असन. काहून बे उकंडा, भेतं का?" पाटील म्हणाले.

तेवढ्यात बापाची भाकर घेऊन उकंडाची पोरगी नलू आली. ती महागावच्या शाळेत सातवीत होती. विझलेला मी तिला दिसलो आणि ती ओरडली, "बाबा, उतरू नोको! ओली जवारी श्वास घेऊन राह्यली!"

"जवारी कुठं श्वास घेते व पोरी?" पाटील हसले.

"घेते! धनसिंग गुरुजींनी भिजवलेले हरभरे बाटलीत बंद केलते. दुसऱ्या दिवशी आत जळती काडी धरली, तं इझली. दान्यातल्या पेशी प्रानवायू घेऊन साखर मोडतात. त्यातून शक्ती सुटते, दाना गरम होते अन् कर्बवायू बाहेर पडते. तो जड वायू खालीच बसते. काकाले देवानं नाही, त्या हवेनं मारलं!"

तिनं मला हलवून तेल दाखवलं, पुन्हा पेटवून खाली सोडलं. मी पुन्हा विझलो.

"वातच खराब हाये," पाटील म्हणाले.

"मंग तुमी उतरा, पाटील," नलू म्हणाली.

पाटील जागचे हलले नाहीत. उकंडानं कमरेचा दोर सोडून त्यांच्या पायाशी टाकला. मग दोन दिवस पेवाचं तोंड उघडं ठेवलं, दोराला टोपली बांधून आतली हवा ढवळली. तिसऱ्या दिवशी मी तळाशी जळत राहिलो, तेव्हाच उकंडा उतरला. वर आला आणि मातीत बसून ढसाढसा रडला. "पाच वर्सं मी देवाले भेलो. अन् माहा भाऊ पाटलाच्या घाईनं मेला."

मित्रांनो, माझी काच पुसू नका, मला खुंटीला टांगू नका, माझं काही म्हणणं नाही. पण जिथं उतरायची तुमची स्वतःची छाती होत नाही, तिथं दुसऱ्याच्या बापाला उतरवू नका.