गच्चीचा रंग

शेठ गुडघ्यांवर बसून रॉकेलच्या फडक्याने गवत घासत होते, आणि पांढरी रेष काही केल्या निघत नव्हती! निघणार कशी? गच्च्या गळू नयेत म्हणून मारतात तो वॉटरप्रूफ रंग. मैदानावर चुना मारतात हो, साधा चुना! पण रंगाचा व्यापारी आणि वर क्लबचा डायरेक्टर, तो कशाला चुना मारतोय?

त्यात मोजमापही गंडलेलं. पेनल्टीची रेष गोलच्या खांबांपासून मोजायची सोडून यांनी जाळीच्या मागच्या काठीपासून मोजलेली. मग रेष गोलच्या पार जवळ!

रेफरी टेप गुंडाळत म्हणाला, "साहेब, ही रेष दिसता कामा नये. नाहीतर सामना रद्द."

मुलींच्या फुटबॉल टीमचा पहिलाच सामना. कॅप्टन शेठची लेक. आणि घरी शेठनीच बजावलेलं, हौस म्हणून एकच मॅच, मग मुकाट्याने दुकान.

लेक धावत आली. "कुणी केला हा उद्योग?"

शेठ फडकं पिळत बसले. "मीच. सकाळी."

"तुम्ही? तुम्ही तर येणारसुद्धा नव्हतात!"

"चुना फिका दिसतो गं. म्हटलं, जरा उठून दिसू दे."

तिने त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, घासणं सोडा. गाडीत हिरवा आहे?"

डिकीत हिरवा होता, पण अगदी पोपटी. तिने त्यात जरासा काळा ओतला, काडीने ढवळला, गवताच्या पात्यावर लावून पाहिला.

"अजून मातकट हवा," शेठ म्हणाले.

"माहितीय! दुकानात काय माशा मारते का मी?"

बापलेक ओणवे होऊन रेष रंगवायला लागले. समोरच्या टीमच्या पोरी आधी फिदीफिदी हसल्या, मग त्यातल्याच दोघी ब्रश मागायला आल्या! उन्हात रंग चटकन वाळला. मैदानाच्या माळ्याने बरोबर जागी चुन्याची रेष ओढली.

रेफरीने लांबून बघितलं, वाकून बघितलं. "चालेल. पण परतीचा सामनाही इथेच आहे. तोवर टिकेल हा हिरवा?"

लेक बुटाची नाडी बांधत होती. तिचे हात थांबले.

शेठनी हिरवे तळवे पँटला पुसले. "गवत वाढणारच हो. परत मारू. आम्ही दोघं."

अर्धी बांधलेली नाडी तिने सोडली आणि पुन्हा घट्ट आवळली.