शुभेच्छुक

कंग्राळीत कुणाच्या पोराला नोकरी लागो नाहीतर कुणाची बैलजोडी शर्यतीत पहिली येवो, चौकात फ्लेक्स लागतोच. वर उत्सवमूर्तीचा मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची दाटी. त्या दाटीत आपला चेहरा राहिला तर माणूस वर्षभर बोलत नाही. युवराज याच गावात वाढलेला. तरी भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपल्या गेमची लिंक टाकताना त्याला हे आठवू नये, म्हणजे कमालच.

गेम त्याने बेळगावातली नोकरी सांभाळून केला होता. लोंढा जंक्शनवर सांधे बदलून गाड्या योग्य रुळावर घालायच्या, एवढाच. स्वतःच्या बळावर गेम करणाऱ्यांचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे, तिथे त्याने तो मांडला होता. ग्रुपचा रिवाज कडक. आधी दुसऱ्यांचे गेम खेळायचे, उणिवा तोंडावर सांगायच्या, मग आपला पुढे करायचा. नुसत्या कौतुकाला तिथे कवडीची किंमत नाही, आणि ओळखीच्यांकडून वाहवा लिहवून घेतली तर सरळ बाहेर. बंगळूरची एक कंपनी त्या ग्रुपवर नजर ठेवून होती. या खेपेला ती एका गेमला स्पॉन्सर करणार होती. तो मान मिळाला तर युवराजला नोकरी सोडून गेमच करत बसता येणार होतं.

भावकीत त्याने एवढंच लिहिलं, 'लोकांना आवडला तर स्पॉन्सर मिळेल.' मिरवायची हौस, दुसरं काय.

त्याच्या चुलत्याने, जोतिबा आप्पाने, ते वाचलं आणि कंबर कसली. "लोक म्हंजे आपणच की!" पोरगी आरोही हिला कामाला लावून त्याने घराघरातल्या फोनवर त्या गेमवाल्या ग्रुपची खाती उघडून घेतली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाता खाता युवराजने गेमवाल्यांचा ग्रुप उघडला. त्याच्या गेमखाली फुलांच्या चित्रांसकट रांग लागली होती. 'युवराजदादांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: जोतिबा आप्पा व मित्रमंडळ.' 'वाघ आहे वाघ! शुभेच्छुक: शामू, दूध डेअरी.' मधेच कुणी परदेशातला विचारत होता, हे काय चाललंय?

ग्रुपच्या अ‍ॅडमिन बाईचा निरोप आलेलाच होता. ही माणसं तुमच्या ओळखीची आहेत का?

त्याने लिहिलं, 'नाही. यांच्यापैकी कुणालाच मी ओळखत नाही. कुणीतरी खोडसाळपणा केलाय. कृपया सगळं काढून टाका.'

लिहायला काही कष्ट पडले नाहीत, हेच त्याला नंतर जास्त टोचलं. निरोप धाडल्यावर त्याने ती रांग शेवटपर्यंत वाचली. तळाशी मनुबाई काकी होती, आप्पाची बायको. आईच्या आजारपणात हिनेच त्याला न्हाऊ-जेवू घातलेलं.

'युवा, मी खेळून बघितलं. फलाटावर एक बाई डबा घिऊन हुबी हाय. समद्या गाड्या तिच्यापुढं थांबवल्या, पर ती चढतच न्हाय. तिला बसव की रं.'

ती बाई त्याने जागा भरायला म्हणून काढली होती. इतक्या जिवाने त्याचा गेम आजवर कुणी खेळलं नव्हतं. त्याने घाईघाईने अ‍ॅडमिनचा निरोप उघडला, तोवर रांग पुसली गेली होती, काकीसकट. खरं सांगायला अजूनही वेळ होता. पण खरं सांगितलं तर स्पॉन्सर गेला. त्याने फोन पालथा ठेवला आणि उरलेला डबा झाकला.

पुढच्या आठवड्यात त्याने डबेवाल्या बाईला गाडीत चढवलं. ती खिडकीपाशी बसते एवढंच, पण ग्रुप खूश झाला. हे कुठून सुचलं, असं लोक विचारू लागले. 'असंच,' त्याने लिहिलं. कंपनीने त्याचाच गेम निवडला.

चौकात फ्लेक्स लागला. वर युवराज, खाली आप्पा, आरोही, डेअरीवाला शामू आणि कोपऱ्यात डोक्यावरचा पदर सावरलेली काकी. कुणालाच ओळखत नाही म्हणून ज्यांच्याबद्दल त्याने लिहून दिलं होतं, ते सगळे ओळीने त्याच्याकडे बघून हसत होते.

सत्काराचा हार घेऊन काकी पुढे आली आणि हळूच म्हणाली, "युवा, माझं लिवलेलं दिसंना झालंय रं. आरोही म्हंती, पुसलंय कुणीतरी. लई वंगाळ लिवलतं काय मी?"

"न्हाय काकी." सगळं सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं. "मीच काढाय सांगिटलं," एवढंच बाहेर पडलं.

"मग बरं झालं," काकी म्हणाली. "शिकल्यासवरल्या लोकांत माझं अडाणी बोलणं कशाला? तुझं नाव खराब व्हायचं. पर त्या बाईला बसवलंस न्हवं गाडीत?"

"बसवलं."

"मग झालं तर." तिने हार घातला आणि त्याच्या गालावरून हात फिरवला.

त्याला तिच्याकडे बघवेना. समोर मोबाइल धरून आप्पा ओरडला, "आरं, वर बघ की! मान खाली घालून कसला फोटू यायचा?"