पाव्हण्याचा हेडफोन

दुकानात जाऊन, पूर्ण किंमत मोजून, वर पावती मागणारी माणसं किशनराव बिराजदारांना बावळट वाटायची. नांदेडात एका सरकारी कचेरीत ते कारकून. पगार वेळेवर, घर स्वतःचं, आणि तोंडात सदा एकच जप, "मी असतो तर अर्ध्यात आणलं असतं." मिक्सर अर्ध्यात, चष्मा अर्ध्यात, बूट अर्ध्यात. मिक्सर दोनदा जळाला, बुटाचा तळ महिन्यात सुटला, पण हे ते कुणाला सांगत नसत. अक्कलही त्यांनी अर्ध्यातच आणली होती का, हे कचेरीत कुणी विचारलं नाही, कारण विचारणारेही त्याच बाजारातले होते.

हसू नका, मंडळी. असा एक किशनराव तुमच्याही घरात असेल, आणि मी तर स्वतः दोनदा झालो आहे.

किशनरावांची मुलगी राजकन्या. बी.ए. झालेली, टायपिंगचा हात चांगला. पुण्याच्या एका कंपनीनं तिला घरबसल्या काम देऊ केलं होतं. लोकांच्या मुलाखती रेकॉर्ड केलेल्या असतात, त्या ऐकायच्या आणि शब्दन् शब्द टाइप करून द्यायचा. आधी चाचणी, पास झाली तर काम. पोरीचं पहिलंच काम, तेही स्वतःच्या हिमतीवर मिळवलेलं. अडचण एकच होती. बिराजदारांच्या भिंतीला लागून ग्रिल-शटरचं दुकान, आणि तिथं दिवसभर लोखंड कापायचं मशीन चालायचं. बाहेरचा आवाज अडवणारा चांगला हेडफोन असल्याशिवाय त्या घरात काही ऐकून लिहिणं शक्य नव्हतं.

"पप्पा, आपण दुकानातून घेऊ," राजकन्या म्हणाली. "पावती राहील, गॅरंटी राहील. माझ्या शिकवणीचे पैसे हायेत."

"दुकानवाल्याला कामून पोसायचं?" किशनराव म्हणाले. "सोमवारी मला लातूरला जायचंच हाय. तिथं एक जण विकून राहिला. त्याच कंपनीचा, महिनाभर वापरलेला, डबा-गिबा सगळं. निम्म्याहून कमी."

"मग तपासून आणा. मी लिहून देते काय बघायचं ते."

तिनं कागदावर चार गोष्टी लिहून दिल्या. पावती मागा. डब्यावरचा नंबर आणि हेडफोनवरचा नंबर जुळतो का बघा. कंपनीच्या ॲपला जोडून बघा. आणि रस्त्यावरच कानाला लावून गलका कमी होतो का बघा. ते ॲपही तिनं त्यांच्या मोबाईलमध्ये टाकून दिलं.

"मला शिकवू नको," असं म्हणत त्यांनी कागद खिशात घातला. "पंचवीस वर्षं फायली तपासून राहिलो मी."

लातूरच्या बसस्थानकासमोर चहाच्या टपरीवर विकणारा भेटला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. नाव सांगितलं माउली. नाव ऐकूनच किशनरावांचे हात अर्धे जोडले गेले.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. दोन माणसं भेटली की आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग मामाचं गाव, आणि चहा संपेस्तोवर पाव्हणे होतात. रीत वाईट नाही. तिच्यामुळं परगावात माणूस उपाशी झोपत नाही. पण एकदा पाव्हणा म्हटलं की त्याची वस्तू उलटून बघायची लाज वाटते. माउलीला हे पक्कं ठाऊक होतं, आणि त्याच्या धंद्याचं भांडवल तेवढंच होतं.

"मूळ गाव कंचं, काका?"

"किल्लारी."

"घ्या! माझी मावशी किल्लारीत दिलेली. भूकंपानंतरच्या नव्या गावात, शाळेच्या मागं. पाटलाच्या घरात."

किल्लारीसारख्या गावात पाटलांची घरं काय कमी असतात? कुठला पाटील, एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं. पण किशनराव विरघळले. मावशी निघाली, पाटील निघाले, दुसरा चहा निघाला. खिशातल्या कागदाकडं हात गेला तो फक्त एकदा.

"पावती..."

"घरी राहिली की. मोबाईलवर पाठवून देतो. तुमी उघडून बघा ना काका. पाव्हण्यावर भरोसा नसंल तर बघा."

"छ्या छ्या. पाव्हण्याचं काय बघायचं?"

किशनरावांनी पैसे दिले, आणि वर दोघांच्या चहाचेही दिले. पंचवीस वर्षं फायली तपासणाऱ्या माणसानं डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नाही.

वस्तू दिसायला हुबेहूब होती, हे कबूल केलं पाहिजे. डबा कोरा, अक्षरं ठसठशीत, फोनला जोडला की पडद्यावर कंपनीचं नाव यायचं. राजकन्येनं ॲपचं विचारलं, तर "ते सगळं बघून आणलंय" असं किशनरावांनी ठोकून दिलं. मग बापाचं काय तपासायचं, म्हणून तिनं पुन्हा नंबर बघितला नाही. चाचणीच्या दिवशी पोर सकाळी अंघोळ करून, दार लावून बसली. शेजारचं मशीन सुरू झालं तसं ते थेट तिच्या कानात शिरलं. वीस मिनिटांनी उजव्या बाजूचा आवाज बसत गेला. मुलाखतीतली बाई बोलत होती, आणि राजकन्या अंदाजानं शब्द भरत होती. संध्याकाळी कंपनीचं उत्तर आलं. चुका फार आहेत, पंधरा दिवसांनी एक शेवटची संधी मिळेल.

"पप्पा, हा खराच हाय ना?"

"हेडफोनला काय धाड भरली? तुझंच ध्यान न्हाई," किशनराव म्हणाले. "तुझेच कान तपासून घे."

बाप गमतीनं बोलला असेल असं तुम्हाला वाटेल. पोरीनं ते खरं धरलं. ती एकटी जाऊन कानाच्या डॉक्टरांना कान दाखवून आली. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही. तरी तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला तो उडालाच. जेवताना कुणी हाक मारली तरी ती दचकून विचारायची, "काय म्हणलाव? नीट आयकू आलं न्हाई."

किशनरावांच्या मनात मात्र पाल चुकचुकली. दोन दिवसांनी ते गुपचूप हेडफोन घेऊन मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदारानं तो हातात तोलला, नंबर बघितला आणि परत दिला. "काका, नकली हाय. असले लई येतेत." किशनरावांनी माउलीला फोन लावला, तो बंद. किल्लारीत चुलतभावाला लावला. शाळेच्या मागं पाटलाचं घरच नव्हतं.

आता सरळ माणूस घरी जाऊन काय म्हणाला असता? "बाई, तुझे कान धड हायेत, तुझा बाप येडा हाय." एवढंच तर बोलायचं होतं. पण अर्ध्यात आणणाऱ्याची इज्जत आडवी आली. किशनराव गप्प बसले, आणि पोरगी स्वतःचे कान चाचपत बसली.

कचेरीत मारोती नावाचा सहकारी होता. त्याच्याकडं किशनरावांनी मन मोकळं केलं. तो लगेच म्हणाला, "कामून टेन्शन घ्यायलाव? तुमी फसले, आता दुसऱ्या कुणाच्या गळ्यात बांधा. त्या पैशात लेकीला दुसरा घ्या. दुनिया अशीच चालून राहिली."

बघा ही नीती! आपल्या अंथरुणात विंचू निघाला तर तो मारायचा नाही, शेजाऱ्याच्या अंथरुणात नेऊन सोडायचा. आणि असला सल्ला देणारा माणूस चारचौघांत व्यवहारी म्हणून मिरवतो. किशनरावांनी त्याच दिवशी मोबाईलवर जाहिरात टाकली. मुलीने महिनाभर वापरलेला, अस्सल, डब्यासह.

"तुला जमत न्हाई तर दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल," असं त्यांनी घरी सांगितलं. राजकन्येनं हेडफोन मऊ कापडानं पुसला आणि डब्यात नीट घालून दिला.

गिऱ्हाईक मिळालं हिमायतनगरचं. चांगुणाबाई वाठोरे, निवृत्त नर्स. ठरलेल्या दिवशी त्या नांदेडच्या बसस्थानकावर उतरल्या. पांढरं सुती लुगडं, जाड चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. "डोळ्याला वाचवत न्हाई आता," त्या म्हणाल्या. "म्हणून पुस्तकं मोबाईलवर आयकते. घराम्होरं सारख्या गाड्या, काही समजत न्हाई."

किशनरावांनी फलाटालगतच्या हॉटेलात चहा मागवला आणि माउलीचीच री ओढली. "हिमायतनगर म्हणजे आपलंच गाव की, मावशी. माझे मामा तिथलेच. पाव्हणेच निघालो आपण. आडनाव काय म्हणलाव?"

"वाठोरे."

किशनराव जरा अडखळले. आडनावावरून त्यांना वस्ती कळली. मग जाहिरात आठवली आणि ते घाईनं म्हणाले, "तरी काय झालं. आपलेच की."

चांगुणाबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "मी ल्हान व्हते तवा तुमच्या मामाच्या आळीत आमाला पाणी वरून वाढायचे. तुमच्या मामांनी आमाला पाव्हणे कधी केलं ते मला आजच कळलं. बरं, पाव्हणे हाव तर मग डबा उघडा."

"उघडून कामून बघता, मावशी? पाव्हण्यावर भरोसा..." वाक्य अर्ध्यातच राहिलं. ते आपण कुठं ऐकलं होतं, हे किशनरावांना आठवलं.

"बघितलं म्हणजे अपमान, असं कोण शिकवलं तुमाला?" चांगुणाबाईंनी डबा स्वतःच ओढून घेतला. "छत्तीस वर्षं सुया टोचल्या मी. बाटली कुणीबी हातात दिली तरी तारीख वाचल्याबिगर सुई भरली न्हाई. एका डॉक्टरानं इचारलं, सिस्टर, माझ्यावर इस्वास न्हाई का? म्हणलं, तुमच्यावर हाय साहेब, बाटलीवर न्हाई."

त्यांनी डब्यावरचा नंबर आणि हेडफोनवरचा नंबर मोबाईलच्या उजेडात मोठा करून बघितला. जुळला नाही. कंपनीचं ॲप उघडलं. ॲपनं ओळख दिली नाही. मग त्यांनी हेडफोन कानाला लावला. फलाटावर परभणीची बस घरघरत उभी होती. चांगुणाबाईंनी थोडा वेळ ऐकलं आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला. शेजारच्या बाकावरची माणसं चहा हातात धरून बघत होती.

"तुमाला म्हाईत व्हतं," त्या म्हणाल्या.

किशनरावांनी मान खाली घातली.

"तुमालाबी कुणी तरी पाव्हणा करूनच टोपी घातली असंल. मंग त्याचा राग माझ्यावर कामून? मी काय केलतं तुमचं? खरा पाव्हणा सोताच म्हणतो, बघून घ्या, मागून बोल नको. बघू नका म्हणतो त्याच्या डब्यात खोट असतीया." त्यांनी पिशवी खांद्याला लावली, आणि जाता जाता थांबल्या. "जाहिरातीत लेकीनं वापरला म्हणून लिवलाव. ती काय म्हणली?"

खोटं बोलायचं बळ आता किशनरावांत उरलं नव्हतं. "तिची परीक्षा गेली ह्याच्यापायी. तिला वाटतं, तिचेच कान खराब हायेत."

"अन् तुमी वाटू दिलं?"

तोवर शांत असलेल्या बाईचा आवाज चढला. बाकावरच्या एकानं कप खाली ठेवला.

"नकली माल गळ्यात पडला ह्यात तुमी येडे ठरलाव. येडं कुणीबी ठरतंय. पण येडेपण झाकायला पोटच्या लेकीचे कान खोटे पाडलाव! दोन पैशाची तरी लाज हाय का तुमाला?"

त्या हिमायतनगरच्या गाडीकडं निघून गेल्या. चहाला त्यांनी तोंड लावलं नव्हतं.

किशनराव घरी आले ते सरळ राजकन्येसमोर जाऊन उभे राहिले. डबा खाली ठेवला आणि बोलले, "बाई, हा नकली हाय. मी न बघता आणला. तुझे कान धड हायेत."

राजकन्या डब्याकडं बघत राहिली. "कधी कळलं तुमाला?"

"आठ दिस झाले."

"मी डॉक्टरकडं कान दाखवून आले, पप्पा. एकटी गेलते."

ती रडली नाही, भांडली नाही. उठून आत गेली. किशनरावांना त्या दिवशी स्वतःची शरम वाटली, आणि उशिरा का होईना, वाटायलाच हवी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यावर जाड पेनानं 'नकली' असं लिहिलं, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या गळ्यात बांधता येऊ नये. जाहिरात काढली. माउलीच्या नंबरासकट पोलिसांत तक्रार दिली. मारोती म्हणाला, "कशाला उगं?" किशनराव म्हणाले, "तू गप बस." मग लेकीला घेऊन ते दुकानात गेले. पैसे स्वतःच्या खिशातून काढले. दुकानदार मनमिळाऊ होता. त्यानं हसून विचारलं, "पाव्हणे, गाव कंचं?"

"ते मागून सांगतो," किशनराव म्हणाले. "आधी डबा उघडा."

दुसऱ्या चाचणीत राजकन्या पास झाली. शेजारचं मशीन आजही चालू असतं, आणि ती दार लावून काम करत असते.

तर मंडळी, जुनी वस्तू घेण्यात कमीपणा नाही. जरूर घ्या. पण पावती मागा, नंबर जुळवा, ॲपला लावून बघा, चारचौघांच्या गलक्यात कानाला लावून बघा, आणि भाव फारच गोड असेल तर घर गाठा. विकणारा गाववाला असो, सोयरा असो, नावानं माउली असो. तपासण्यानं नातं तुटत नाही. तुटलंच, तर ते नातं नव्हतं. आणि एवढं करूनही फसलात, तर ती खोट आपल्या उंबऱ्याच्या आत थांबवा. पुढं ढकलाल, तर माउलीत आणि तुमच्यात फरक उरणार नाही.

किशनराव अजूनही बाजारातून काही ना काही आणतात. आता राजकन्या ते हातात घेते, उलटंपालटं करते, खालचा नंबर वाचते, पावती मागते. पूर्वी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आता ते पावती पुढं करतात आणि तिनं विचारायच्या आधीच म्हणतात, "बघून घे, बाई."

आणि ती बघून घेते.